नवा फोन घेतलात? आधी कॅमेऱ्याची परवानगी तपासा

सोलापूरच्या नवी पेठेतून नवा फोन घेतला की दुकानदार तिथेच फेस अनलॉक लावून देतो. घाई करू नका. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये हे काम साधा सेल्फी कॅमेरा करतो. त्याला चेहऱ्याची खोली कळत नाही, त्यामुळे काही फोन चांगल्या छापील फोटोनेही उघडतात. आयफोनचा फेस आयडी वेगळा: तो इन्फ्रारेडचे ३० हजारांहून जास्त ठिपके चेहऱ्यावर टाकून खोली मोजतो. तुमचा फोन साधा असेल तर बोटाचा ठसा आणि सहा आकडी पिन बरा. जन्मतारीख मात्र पिन म्हणून नको.

आता कॅमेरा. सेटिंग्ज, प्रायव्हसी, परमिशन मॅनेजर, कॅमेरा, अशा क्रमाने जा. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. यादीत टॉर्चचं अॅप दिसलं तर सरळ काढून टाका. फ्लॅश लावायला कॅमेऱ्याची परवानगी लागतच नाही. कर्ज देणाऱ्या अॅपना केवायसीच्या सेल्फीपुरतं ‘फक्त या वेळी’ निवडा. व्हिडिओ कॉलवाल्यांना ‘अॅप वापरताना’ पुरे.

अँड्रॉइड १२ पासून कॅमेरा चालू झाला की वर कोपऱ्यात हिरवी खूण येते. तुम्ही फोटो काढत नसताना ती दिसली तर वरून पडदा ओढून खुणेवर टॅप करा, अॅपचं नाव कळेल.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत जाताना पॉवर मेनूतलं ‘लॉकडाउन’ दाबा. पिन टाकेपर्यंत चेहरा, ठसा दोन्ही बंद राहतात. काही फोनांत हा पर्याय आधी सेटिंगमधून चालू करावा लागतो, ते घरीच करून ठेवा.