नाशिकमध्ये गाडीवेड्यांचा मेळावा भरवायचा आहे, आजूबाजूच्यांना त्रास होणार नाही असा कसा भरवावा?

तुम्ही लिहिलंय की आठ-दहा जण आहात, जुन्या-नव्या गाड्यांचं वेड आहे, एखाद्या रविवारी जमायचंय, पण शेजारपाजारच्यांच्या शिव्या खायच्या नाहीत. माझ्याकडे प्रीमिअर पद्मिनी आहे आणि आम्ही असे चार मेळावे केलेत. अनुभवाचं सांगतो: मेळावा भरताना बिघडत नाही, उठताना बिघडतो.

आमचा दुसरा मेळावा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एका लॉन्सवर होता. तीन तास मजेत गेले. बोनट उघडून गप्पा, चहा, फोटो. अकराला सगळे एकदम निघाले आणि गेटपाशी सायलेन्सर बदललेल्या तीन पोरांनी गाड्या जागेवरच उभ्या ठेवून रेस द्यायला सुरुवात केली. दोन मिनिटांचा खेळ. समोरच्या सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या. आणि बोलणी कोणी खाल्ली? गेटवरच्या वॉचमनकाकांनी. आम्ही तोवर मिसळीच्या रांगेत होतो. पुढच्या वेळी लॉन्सवाल्याने आमचा फोनच उचलला नाही.

तेव्हापासून निघायचं कसं ते आधी ठरवतो, बाकीचं नंतर. चार-चार गाड्या सोडायच्या, मध्ये पाचेक मिनिटं जाऊ द्यायची, गेटवर आपल्यातलाच एक जण उभा. मोठ्या आवाजाच्या गाड्या सगळ्यात शेवटी. मेख इथेच आहे. तोवर बघायला आणि मोबाइल काढायला कोणी उरलेलंच नसतं. प्रेक्षक नसले की रेस द्यायची हौसही आपोआप विरते.

जागेसाठी लॉन्सच बघा, पण मुहूर्त बघून. म्हणजे लग्नाचे मुहूर्त नसतील तेव्हा! पौषात लॉन्स ओस पडलेली असतात, मालक भाड्याचं बोलायला तयार असतो आणि हवा कोरडी. (नाशिकच्या त्या थंडीत माझी पद्मिनी चोक ओढून दहा मिनिटं कण्हते, ते सोडा.) पितृपक्षातही जागा मिळते, पण हिरवळ ओली असते. चाकं रुतली की भुर्दंड आपल्याला, म्हणून पार्किंगचा मुरमाचा किंवा पेव्हर ब्लॉकचा भागच मागा. ब्लॉक असतील तर जुन्या गाड्यांखाली पुठ्ठा घाला. पद्मिनी अर्ध्या तासात रुपयाएवढा ऑइलचा डाग पाडते. लाकडाचा भुसा टाकून, साबण लावून घासला तरी काळपट राहतोच. दवाखाना, शाळा किंवा कोर्टापासून १०० मीटरच्या आतली जागा घेऊच नका, ते शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं असू शकतं.

जागामालकाचं लेखी संमतीपत्र घ्या. ते जोडून जवळच्या पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या: किती गाड्या, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, दोघांचे मोबाइल नंबर. धरणाच्या रस्त्यावर कडेला गाड्या लावून 'सहज जमलो' हा प्रकार नको.

नंतर सगळ्यांनी मिळून चक्कर मारायची असेल तर श्रावणात त्र्यंबकचा रस्ता सोडा. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तिथे माणसांचाच पूर असतो. आणि रस्त्यावर 'कोण पुढे' सुरू झालं तर ती कायद्याने शर्यत: मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९. पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पोरांना आधीच वाचून दाखवा.

पहिल्या खेपेला १५ गाड्या पुरे, त्याही नावं नोंदवून. 'सर्वांना आमंत्रण' अशी रील टाकलीत की गाड्या १५ आणि बाइकवाले शंभर येतात. पत्ता नोंदणी केलेल्यांनाच आदल्या रात्री पाठवा. आणि वॉचमनकाकांना सकाळीच चहा पाजून किती वाजता उठणार ते सांगून ठेवा.