वहीतला ग्रेनचा आकडा

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत टेक्ससमध्ये असतो. .३०-०६ रायफलची काडतुसं तो घरीच भरतो. एका जुन्या शिकाऱ्याच्या वहीतलं माप त्याला मिळालंय : फक्त पावडरीचं (बारुदीचं) नाव '४३५०' आणि तिच्या वजनाचा, म्हणजे ग्रेनचा, आकडा. तिथूनच सुरुवात केली तर चालेल का? माझ्याकडेही परवान्याची रायफल आहे. मला घरी भरता येतील का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमचं आधी. नाही. तुमचा परवाना रायफल बाळगण्याचा आहे. काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो.

भाच्याने ती वही मिटून ठेवावी. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीचं माप दुसरीला लावायचं नसतं. वहीत गोळीचं वजन नाही, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची टोपी) कुठला तेही नाही. पावडर बनवणाऱ्या कंपनीचा चालू तक्ता घ्यावा आणि त्यात आपलीच पावडर, त्याच वजनाची आणि घडणीची गोळी शोधावी. तक्त्यात 'सुरुवात' आणि 'कमाल' असे दोन आकडे असतात, सुरुवातीचाच धरायचा. फक्त कमाल दिला असेल तर त्यातून १० टक्के वजा करतात : ५० ग्रेनचे ४५. मात्र सावधगिरी म्हणून त्याच्याही खाली उतरू नये. संथ जळणारी पावडर पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या नळीत) फार कमी पडली तर कधी नीट पेटत नाही, कधी दाब भलताच उसळतो.

लष्करी पुंगळी बहुधा जाड असते, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या, प्रायमरनेही तो चढतो. यातलं काहीही बदललं की पुन्हा खालून सुरुवात.

१ ग्रेन म्हणजे जेमतेम ०.०६५ ग्रॅम. काटा आधी प्रमाण वजनाने तपासावा, पंखा बंद ठेवावा. वाऱ्याने आकडा हलतो. टेबलावर पावडरचा एकच डबा, हे तर हवंच.

मग अर्ध्या ग्रेनने वाढवत जावं, कमाल आकड्याजवळ त्याहून कमी. बोल्ट (रायफलचा मागून बंद होणारा दांडा) उचलायला जड लागला, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटला किंवा प्रायमरभोवती काजळी दिसली की तिथेच थांबावं. उरलेली त्या मापाची काडतुसं झाडू नयेत, गोळी काढून सोडवावीत. चपटा प्रायमर एकटा पुरावा म्हणून कच्चा. आणि खूण नाही म्हणून दाब आटोक्यात आहे असंही नाही. पुष्कळदा मर्यादा ओलांडल्यावरच ती दिसते.