पत्रिकेतला आकडा म्हणजे स्थान नव्हे

नव्याने शिकताय ना, मग योग, दोष, साडेसाती महिनाभर बाजूला ठेवा आणि आधी कुंडली हाताने मांडा. आपल्याकडच्या चौकटीत वरचं मधलं घर कायम प्रथमस्थान, म्हणजे लग्न; जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास तिथे येते. तिथून डावीकडे, घड्याळाच्या उलट मोजत जायचं. आत लिहिलेला आकडा राशीचा असतो, स्थानाचा नाही. नवशिक्याची गाडी हमखास इथेच अडते. वरच्या घरात ८ दिसला की वृश्चिक लग्न, लग्नेश (त्या राशीचा स्वामी) मंगळ. पुढच्या घरात ९, म्हणजे धनु, पण ते धनस्थान, दुसरं. दक्षिणेतल्या पत्रिकेत राशी जागच्या जागी असतात आणि लग्नाची खूण फिरते.

जन्मवेळ नीट विचारून घ्या. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, पण नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, ३ अंश २० कलांचा, त्यामुळे नवमांश लग्न तेरा-चौदा मिनिटांतच पालटतं. ‘सकाळी दहाच्या सुमारास’ एवढ्यावर नवमांश बघूच नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि ‘हे सगळं वेदांमध्ये आहे’ असं कुणी सांगितलं तर जरा थांबा. वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथात नक्षत्रं, तिथी, यज्ञाचा काळ आहे. बारा राशींची जन्मकुंडली नाही. ती ग्रीकांशी संबंध आल्यावर रुजली. ‘केंद्र’ हा शब्दही मूळचा ग्रीक. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर तर यवनांचा, म्हणजे ग्रीकांचा, आदराने उल्लेख करतो.

आज घरातल्या एकाची पत्रिका पंचांगावरून कागदावर मांडा.