विडी स्वस्त पडते म्हणून...

प्रश्न : डॉक्टर, माझे मिस्टर दादरला कपड्यांच्या दुकानात आहेत. दिवसाला दहा सिगारेटी व्हायच्या, रोजचे दोनशे रुपये जायचे. फेब्रुवारीत भाव वाढले तसे ते विडीवर आले. म्हणतात, "सरकारला तिजोरी भरायचीय, आपण पैसे वाचवले." मला पटत नाही, पण काय बोलावं सुचत नाही.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर होते. वाण्याच्या उधारीच्या वहीत साखर, चहापत्ती आणि खाली विडीचं बंडल, हे रोजचं. ती स्वस्त होती, म्हणून आईनेही कधी तो खर्च धरला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना चाळीचे दोन जिने चढवेनात. मधल्या चौकात स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसून मग वर यायचे. पुढे मी छातीच्या रोगांचा डॉक्टर झालो, त्यात त्या स्टुलाचा वाटा आहे.

विडी सौम्य असते हा समज खोटा. तेंदूचं पान नीट धुमसत नाही, विझू नये म्हणून झुरके लांब आणि भराभर घ्यावे लागतात. टार आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जास्तच जातं.

१ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि शिवाय लांबीप्रमाणे उत्पादन शुल्क लागलं. ते योग्यच झालं. आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ५ टक्के उतरतो, आणि आधी हात आखडतो तो खिशात मोजके पैसे असलेल्या कॉलेजातल्या पोराचा. पण विडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, ही चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या मिस्टरांना ती पळवाट तिथेच मिळाली. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांच्या पोटाचं काय, असं विचारतात. प्रश्न खरा आहे. त्यांना दुसरं काम मिळवून द्यायला हवं, आणि त्यासाठी याच करातला पैसा वापरावा.

तिजोरीचं म्हणाल तर २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूच्या आजारांनी आणि अकाली मृत्यूंनी देशाचं १ लाख ७७ हजार कोटींचं नुकसान झालं. तंबाखूवरच्या कराचं उत्पन्न त्यापुढे फार तोकडं आहे.

आता घरचं. भांडू नका. भाव वाढल्यावर त्यांनी सिगारेट बाजूला ठेवली, म्हणजे सवय हलू शकते हे त्यांनीच दाखवलंय. सिगारेटवर जायचे ते महिन्याचे सहा हजार त्यांच्यासमोर मांडा. सोडायचा दिवस दोघांनी मिळून ठरवा. पहिले तीन-चार दिवस चिडचीड होईल, झोप उडेल; तेव्हा निकोटीनच्या च्युइंगगमचा उपयोग होतो, डॉक्टरांना विचारून घ्या. वर्षभर टिकले तर सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. पहिल्यांदा नंबर तुम्ही लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या.