अ‍ॅमस्टरडॅमच्या बाहेर पड गं
पाच दिवस आहेत ना, मग सगळे अ‍ॅमस्टरडॅममध्येच नको घालवूस, दोन पुरे. ट्रेनने अर्ध्या तासात उट्रेख्ट, तिथे कालव्याच्या पाण्यालगतच्या जुन्या तळघरांत कॅफे आहेत, संध्याकाळी तिथेच बस. पण माझं ऐकशील तर एक अख्खा दिवस होखे फेलुवे नॅशनल पार्कला दे, आत पांढऱ्या सायकली फुकट मिळतात, कुठलीही उचल आणि जंगल, वाळूच्या टेकड्या, माळरान असं फिरत रहा, ऑगस्टच्या शेवटी गेलीस तर माळ नुसता जांभळा, मला तर आपलं कासच आठवलं. मधेच क्रोलर-म्युलर म्युझियम लागतं, व्हॅन गॉगची भरपूर चित्रं, सोमवारी मात्र बंद. समुद्र हवा तर उत्तरेकडच्या डेन हेल्डर बंदरातून फेरीने 20 मिनिटांत टेसेल बेट. आणि ट्रेनसाठी स्टेशनात शिरताना जे कार्ड टॅप केलंस, तेच बाहेर पडतानाही टॅप करायचंच, नाहीतर जास्त पैसे कापतात.