राजीनामा आधी की संहिता आधी?

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या पुण्यातील जाहिरात संस्थेची नोकरी सोडून कादंबरी व पटकथालेखनाकडे वळू इच्छिते आणि एल्मोर लेनर्ड या अमेरिकन लेखकानेही हेच केल्याचा दाखला देते, हे आपल्या पत्रावरून समजले. दाखला उत्तम आहे. त्यातील घटनांचा क्रम मात्र तिने नीट पाहावा, असे मला मनापासून वाटते.

लेनर्ड डेट्रॉइटच्या एका जाहिरात संस्थेत शेवरले ट्रकच्या जाहिराती लिहीत. नोकरी, संसार आणि मुलेबाळे सांभाळून लिहायचे म्हणून ते पहाटे पाचला उठत, सातपर्यंत लिहीत, आणि कागदावर काही उतरल्याखेरीज कॉफीचे आधण ठेवायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. १९५१ मध्ये त्यांची पहिली वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील काउबॉय-बंदूकबाजांची कथा छापून आली आणि १९५३ मध्ये पहिली कादंबरी. त्याच वर्षीच्या ‘थ्री-टेन टू युमा’ या कथेचे त्यांना शब्दाला दोन सेंट या दराने नव्वद डॉलर मिळाले. १९५७ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, तरीही नोकरी चालूच होती.

ती त्यांनी सोडली १९६१ मध्ये, आणि खरी ओढाताण त्यानंतरची आहे. टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचा सुकाळ झाल्याने छापील वेस्टर्नची बाजारपेठ आटली होती. घर चालवण्यासाठी त्यांना शैक्षणिक चित्रपटांच्या संहिता आणि पुन्हा जाहिरातीच लिहाव्या लागल्या. ‘होंब्रे’ कादंबरीचे चित्रपटहक्क दहा हजार डॉलरना विकले गेले, तेव्हा कुठे उसंत मिळाली. मग ते गुन्हेगारी कादंबरीकडे वळले आणि ‘जो किड’सारख्या पटकथाही त्यांनी लिहिल्या. मागणी बदलताच वाट बदलण्याची ही तयारी मला त्यांच्या प्रतिभेइतकीच मोलाची वाटते.

तेव्हा आपण तिला अडवू नये, आणि तिनेही तूर्त राजीनामा देऊ नये. रोजचे दोन तास तिचे स्वतःचे असावेत आणि त्या वेळेत घरच्यांनी तिला हाक मारू नये, एवढे आपण नक्कीच करू शकता. रीतसर शिकायचे असेल, तर पुण्यातच एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे. त्यात प्रवेश मिळाल्यास नोकरीचा विचार जरूर पुन्हा करावा. पहिली पटकथा पूर्ण झाली की ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी आणि मगच निर्मात्यांना दाखवावी.