आजोबांचा फोटो पाठवायच्या आधी

तुझे सतराच्या सतरा फोटो काल रात्री बघितले, जेवण झाल्यावर एकदा आणि घरातले झोपल्यावर परत एकदा. खिडकीपाशी बसलेल्या आजोबांचा फोटो खरंच भारी आलाय गं, तो उजेड, हातातली गोळ्यांची पट्टी, सगळंच. स्पर्धेला हाच पाठवू ना असं विचारलंयस. माझं म्हणणं, जरा थांब. मागची टीबी वॉर्डची पाटी स्वच्छ वाचता येतेय आणि आजोबांचा चेहराही स्वच्छ दिसतोय. ते हो म्हणाले असं तू लिहिलंयस, पण कशाला हो म्हणाले? फोटो काढायला की पुण्यात प्रदर्शनात लावायला, की नातवाच्या मोबाईलवर फिरायला?

अमेरिकन फोटोग्राफर युजीन स्मिथचे फोटो तू बघितले असशीलच. मला त्याच्या फोटोंइतकंच त्याचं राहणं शिकण्यासारखं वाटतं. १९७१ मध्ये तो आणि त्याची बायको आयलीन जपानमध्ये मिनामाता नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेले, ठरवलं होतं तीन महिने आणि राहिले तीन वर्षं. तिथे चिस्सो कंपनीचा कारखाना पारा असलेलं सांडपाणी समुद्रात सोडायचा, १९३२ पासून १९६८ पर्यंत, तो पारा माशांत जायचा आणि मासे तर रोजच्या जेवणात. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मरायला लागली, मग माणसांचे हातपाय थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. १९५६ मध्ये आजाराची सरकारदरबारी नोंद झाली तरी सांडपाणी पुढे बारा वर्षं सुरूच होतं, हे वाचताना मला अजूनही संताप येतो. पोटातल्या बाळांपर्यंत विष पोचलं, आई वरून ठणठणीत आणि बाळ जन्मापासून आजारी.

अशाच एका मुलीला तिची आई न्हाऊ घालतेय तो फोटो डिसेंबर १९७१ चा. १९७२ मध्ये तो अमेरिकेतल्या लाइफ मासिकात आला आणि मिनामाताचं नाव जगभर गेलं. त्याच वर्षी जानेवारीत पीडितांसोबत कंपनीच्या दुसऱ्या एका कारखान्यात गेला असताना स्मिथला इतकं मारलं की त्याच्या नजरेवर परिणाम झाला. मार्च १९७३ मध्ये कोर्टाने कंपनीला जबाबदार धरलं. ती केस लढली पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी, फोटोंनी नाही, हे लक्षात ठेव, आपल्या धंद्यात हे विसरायला फार सोपं जातं.

पण मला तुला सांगायचंय ते याच्या नंतरचं. ती मुलगी १९७७ मध्ये गेली, एकवीस वर्षांची होऊन. फोटो मात्र छापला जातच राहिला, पुस्तकांत, पोस्टरवर, सगळीकडे, आणि आईवडिलांना वाटायला लागलं की आता आपल्या लेकीला विश्रांती मिळू दे. १९९८ मध्ये आयलीनने त्या फोटोचा निर्णय त्यांच्या हातात सोपवला. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक, आणि तो छापायला देणं बंद केलं! मला विचारशील तर त्या सगळ्या कामातली ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते.

माझं सांगते, कारण हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. एका संस्थेसाठी काम करताना एका बाईचा फोटो काढला होता, औषधं पूर्ण करून बरी झालेली, हसरी. तिने अंगठा दिला, मी फॉर्म बॅगेत टाकला, झालं. सहा महिन्यांनी तोच फोटो तिच्याच तालुक्याच्या एसटी स्टँडवर, खाली आजाराचं नाव मोठ्या अक्षरात. शेजारणीने तिच्या हातचा चहा घ्यायचं बंद केलं. मी भेटायला गेले तर ती मला काहीच बोलली नाही, पण पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि त्या घरी असं आधी कधीच झालं नव्हतं. पोस्टर मी उतरवायला लावलं, पण बघायचं ते लोकांनी बघितलं होतं.

म्हणून आजार नीट समजून घे, कॅमेऱ्याच्या आधी. साध्या टीबीची औषधं सहा महिने, रोज, आणि ती नीट सुरू झाली की बहुतेक पेशंटचा संसर्ग काही आठवड्यांतच खूप कमी होतो. हे तुझ्या एकाही कॅप्शनमध्ये नाहीये. नुसता मास्क, खाट, उदास चेहरा दाखवलास तर बघणारा आणखी दोन पावलं लांब सरकतो, मग आपण आरोग्याचं काम केलं की भीतीचं? एचआयव्हीच्या पेशंटबाबत तर २०१७ चा कायदाच आहे, त्यांच्या संमतीशिवाय आजार उघड करता येत नाही. आणि फोनमधलं लोकेशन बंद कर, तुझ्या फाईलींमध्ये वाडीचा पत्ता जसाच्या तसा येतोय.

आणि गोळ्या घेऊन येणाऱ्या आशाताईंचा एकच फोटो का काढलास? स्मिथने १९५१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या मॉड कॅलन नावाच्या नर्स-सुईणीचं काम असंच मागे मागे फिरून टिपलं होतं. लाइफच्या वाचकांनी आपणहून पैसे पाठवले आणि १९५३ मध्ये तिचं क्लिनिक उभं राहिलं. तुझ्या आशाताई किती घरं चालत जातात, कुठे बसून रजिस्टर भरतात, तिथे जा.

तर रविवारी आजोबांकडे जा. प्रिंट काढून ने, मोठी, चष्म्याशिवाय दिसेल अशी. स्पर्धा म्हणजे काय ते त्यांच्या बोलीत सांग, पाटीवर बोट ठेवून दाखव, सून घरी असेल तर तिलाही बसव. लगेच उत्तर मागू नकोस, चहा होऊ दे. नाही म्हणाले तर प्रिंट त्यांच्याकडेच राहू दे आणि स्पर्धेला तो जिन्यातल्या चपलांचा फोटो पाठव, तोही चांगलाय. सोमवारी सातनंतर फोन कर, मी घरीच असते.